ओबीएमचा स्टेटर गेला? नवा मागवायच्या आधी हे वाचा – नागपूरकरांचे नेहमीचे प्रश्न

समृद्धी महामार्गाचे ७०१ किलोमीटर संपवल्यावर मग कुठे समुद्राचा वास येतो, तरी आपल्या नागपुरात आणि आजूबाजूला आउटबोर्ड मोटरी, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून लावायची इंजिनं, आहेत आणि त्या बिघडतातसुद्धा. रामटेकजवळ खिंडसीवरचं बोटिंग आहे, गोसीखुर्दच्या बॅकवॉटरमधले मासेमारी करणारे ढीवर बांधव आहेत, तोतलाडोहच्या पाण्यावर वनखात्याची गस्त असते, आणि बचाव पथकांच्या रबरी बोटी आहेत, ज्यांच्या मोटरीला ते लोक सरळ ओबीएम म्हणतात. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव भरून वाहिला आणि नाग नदीच्या बाजूच्या वस्त्यांमध्ये पाणी शिरलं, तेव्हा ह्याच बोटी लोकांच्या घरासमोरून फिरत होत्या.

खालचे बहुतेक प्रश्न स्टेटरचे आहेत, कारण नागपुरात तो पार्ट कपाटातून काढून देणारं दुकान सापडणं मुश्किल आणि तोच पार्ट दुरुस्त करणारा हात मात्र इथे गल्लोगल्ली आहे. घरोघरी कूलर असलेलं शहर आहे भाऊ, वाइंडिंगवाल्यांना इथे काम शोधावं लागत नाही. लिहिलंय ते मुख्यतः टू-स्ट्रोक, सीडीआय इग्निशनवाल्या (कपॅसिटर रिकामा करून ठिणगी पाडणाऱ्या) मोटरींसाठी, साधारण ८ ते ४० एचपी. फोर-स्ट्रोकबद्दल पुढे थोडं आहे.

स्टेटर म्हणजे नेमकं काय आणि तो असतो कुठे?

मोटरीचं वरचं झाकण उघडलं की जे जड गोल चाक दिसतं ते फ्लायव्हील, त्याच्या आतल्या कडेला मॅग्नेट चिकटवलेले असतात, आणि त्याच्या पोटात जी तांब्याची कॉइलवाली रिंग बसते तो स्टेटर. दोरी ओढली किंवा सेल्फ मारला की मॅग्नेट कॉइलभोवती फिरतात आणि कॉइलमध्ये करंट तयार होतो. त्यातली चार्ज कॉइल बारीक तारेची, हजारांत वेढे असलेली, ती सीडीआय बॉक्सला साधारण १५० ते ३०० व्होल्ट देते. सीडीआयमधला कपॅसिटर त्यावर भरतो, मग ट्रिगर कॉइलचा इशारा आला की एका झटक्यात इग्निशन कॉइलमध्ये रिकामा होतो आणि प्लगवर ठिणगी पडते. दुसरी लाइटिंग कॉइल, जाड तारेची, ती बॅटरी आणि दिव्यांसाठी. म्हणजे मोटर सुरू व्हायला बॅटरीची गरज नाही, पण चार्ज कॉइल मेली की सगळंच मेलं.

काही जुन्या मोटरींत लो स्पीड आणि हाय स्पीड अशा दोन चार्ज कॉइल असतात. तिथे लो स्पीडवाली गेली तर मोटर सुरूच होत नाही, हाय स्पीडवाली गेली तर सुरू होते पण थ्रॉटल दिला की अडखळते. असं लक्षण दिसलं की लोक कार्बोरेटर उघडून बसतात आणि दिवस घालवतात.

दोरी ओढून ओढून हात गेले, मोटर सुरू होऊन नाही राहिली. स्टेटरच गेला न?

थांबा बाप्पा. पहिले ती लाल दोरी पाहा, मनगटाला बांधायची असते ती. तिची क्लिप जागेवर आहे का? किल स्विचची क्लिप निघालेली आणि माणूस मोटर गाडीत टाकून नागपुरात घेऊन आला, असं होतं, हसू नका.

क्लिप बरोबर असेल तर स्टॉप स्विचची वायर सीडीआयपासून काढून पाहा. ह्या मोटरींत स्टॉप स्विच काय करतो, तर सीडीआयला अर्थ देतो. स्विचमध्ये पाणी गेलं किंवा वायर कुठे घासून बॉडीला लागली की मोटरला वाटतं कोणी बटण दाबूनच ठेवलंय. वायर काढल्यावर स्पार्क आला तर तुमचा स्टेटर सहीसलामत आहे, स्विच बदला आणि घरी जा. फक्त एक ध्यानात ठेवा, ती वायर काढलेली असताना मोटर सुरू झाली तर बटणानं बंद होणार नाही, चोक ओढून किंवा पेट्रोलची नळी काढून बंद करावी लागते, तेव्हा हे करताना बोट पाण्यात सोडून करू नका.

स्पार्क पाहताना प्लगची वायर हातात धरून बघायची सवय असेल तर ती सोडा. स्पार्क टेस्टर लावा, गॅप साधारण १० ते ११ मिमी, आणि निळी कडक ठिणगी उडते का बघा. प्लग काढून क्रँक करत असाल तर सगळ्या प्लग वायर अर्थला लावूनच, मोकळ्या सोडल्या तर सीडीआय किंवा इग्निशन कॉइल उगाच जायची.

दोन सिलिंडरपैकी एकावरच स्पार्क नसेल तर स्टेटरवर संशय कमी, ट्रिगर, सीडीआय किंवा त्या सिलिंडरची इग्निशन कॉइल पाहा. दोन्हीवर नसेल आणि स्टॉप वायर काढूनही नसेल, तर मग स्टेटरकडे वळा.

मल्टिमीटरनं चेक केलं, पण मॅन्युअलच्या आकड्यापेक्षा जास्त दाखवते. कॉइल खराब समजायची का?

कोणत्या महिन्यात चेक केलं ते सांगा आधी.

मॅन्युअलमधला ओहमचा आकडा साधारण २० डिग्री सेल्सिअसचा असतो. तांब्याचा रेझिस्टन्स दर डिग्रीला जवळपास ०.३९ टक्के वाढतो. आता मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये ४५ डिग्री असताना तुम्ही मीटर लावलं तर २५ डिग्रीचा फरक, म्हणजे जवळपास १० टक्के. मॅन्युअल ५०० ओहम म्हणत असेल तर एकदम ठणठणीत कॉइलसुद्धा ५५० च्या आसपास दाखवेल. हे माहीत नसल्यानं चांगले स्टेटर भंगारात गेलेत. आणि मोटर नुकतीच चालवलेली असेल तर आकडा अजून चढलेला दिसेल, म्हणून सकाळी, थंड मोटरवर मोजा.

लाइटिंग कॉइलचं उलटं असतं. तिचा रेझिस्टन्स बऱ्याचदा एक ओहमपेक्षाही कमी, आणि साध्या मीटरच्या वायरीच ०.२ ते ०.५ ओहम खातात. आधी दोन्ही प्रोब एकमेकांना लावून जो आकडा येतो तो लिहून घ्या आणि मग वजा करा.

पुढचं मोजमाप कॉइल ते बॉडी. चार्ज कॉइलची दोन्ही टोकं सीडीआयपासून सोडवून, एक प्रोब टोकाला आणि एक लोखंडी कोअरला, म्हणजे ज्यावर कॉइल गुंडाळलेली असते त्याला. इथे काहीच दाखवायला नको. थोडंही कंटिन्युइटी दाखवलं तर इन्सुलेशन फुटलंय. पण काही मोटरींत कॉइलचं एक टोक कंपनीनंच अर्थ केलेलं असतं, म्हणून वायरिंग डायग्राम पाहिल्याशिवाय निकाल देऊ नका.

ओहम बरोबर आहेत, बॉडीला शॉर्ट नाही, तरी स्पार्क नाही. आता?

आता खरी गंमत. हजारो वेढ्यांतले पाच-पन्नास वेढे आपसात शॉर्ट झाले तर ओहममध्ये फरक पडतो तो मीटरच्या चुकीएवढाच, कळतच नाही. पण त्या शॉर्ट वेढ्यांमध्ये करंट गोल गोल फिरत राहतो आणि बाकीच्या कॉइलचं व्होल्टेज खाऊन टाकतो. म्हणून शेवटची टेस्ट ही नेहमी फिरत्या मोटरवर, व्होल्टेजची.

साधं मीटर एसी रेंजवर लावून उपयोग नाही, हे व्होल्टेज झटक्याझटक्यानं येतं आणि मीटर सरासरी काढायच्या नादात भलतंच काही दाखवतं. पीक व्होल्टेज अडॅप्टर लागतो, तो झटक्यातलं सगळ्यात वरचं व्होल्टेज धरून मीटरला दाखवतो. विकत नसेल घ्यायचा तर सीताबर्डीत इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून एक १एन४००७ डायोड, एक मायक्रोफॅरडच्या आसपासचा ६३० व्होल्टचा कपॅसिटर आणि एक-दोन मेगाओहमचा रेझिस्टर आणा. डायोडमधून कपॅसिटर भरायचा, रेझिस्टर कपॅसिटरला समांतर, मीटर डीसीवर त्याच्या दोन टोकांना. बऱ्याच सीडीआय सिस्टीमना क्रँक करताना १५० व्होल्टच्या वर लागतात, तुमच्या मॉडेलचा आकडा मॅन्युअलमधून घ्या. आणि हो, हे तीनशे व्होल्टपर्यंत जातं, कपॅसिटरला हात लावायच्या आधी तो रिकामा झाला का ते मीटरवर बघा.

अडॅप्टर लावून दोरी ढिली ओढाल तर चांगला स्टेटरही नापास होईल. प्लग काढा, दणकून ओढा.

मोटरीची अजून एक जात आहे, थंड असताना मस्त चालणारी आणि अर्ध्या तासानं तलावाच्या मधोमध बंद पडणारी. घरी आणेपर्यंत थंड होते आणि पुन्हा सुरू होते, मालक म्हणतो अरे काहीच तर नाही झालं. हिची कॉइल हीट गननं हळूहळू तापवा, ९०-१०० डिग्रीपर्यंत, आणि मीटर लावून ठेवा. आकडा थोडाथोडा चढत गेला तर ते नॉर्मल, पण एकदम उडी मारून ओपन झाला तर आत कुठेतरी तार तुटलेली आहे आणि तापल्यावर टोकं लांब होऊन राहिलीत.

फ्लायव्हील निघून नाही राहिलं, हातोडी मारू का?

नाही. मॅग्नेट फक्त चिकटवलेले असतात, हादऱ्यानं सुटतात किंवा तडकतात, आणि क्रँकच्या बेअरिंगला मार बसतो तो वेगळाच. गॅस टॉर्चनं तापवणंही नको, तेच कारण.

फ्लायव्हीलच्या मधल्या भागात आटे असलेली भोकं असतात, साधारण तीन, त्यात बोल्ट घालून ओढणारा पुलर लागतो. बाहेरच्या कडेला पंजे लावणारा गाडीचा पुलर लावला तर फ्लायव्हील वाकतं. नट पूर्ण काढू नका, शाफ्टच्या टोकाशी सपाट येईल एवढाच ढिला करा म्हणजे शाफ्टचे आटे वाचतात. पुलरचा स्क्रू कसा, थांबा, पुन्हा थोडा कसा, टक् करून आवाज येईल आणि सुटेल. आत टेपरवर, म्हणजे शाफ्टच्या निमुळत्या भागावर, छोटी अर्धगोल चावी असते, ती पडून मॅग्नेटला चिकटते आणि मग लोक जमिनीवर तासभर शोधतात. टायमिंग तिच्यावरच आहे, जपून ठेवा.

पुलर नसेल तर हिंगणा एमआयडीसीत किंवा कुठल्याही लेथवाल्याकडे जाड पट्टीला भोकं पाडून बनवून मिळतो.

पूर्ण रिवाइंडच करावं लागतं का?

रिवाइंड म्हणजे जुनी तार काढून नवी गुंडाळणं. दरवेळी नाही लागत, आणि हे कोणी सांगत नाही म्हणून थोडं सविस्तर. कॉइलची केसासारखी बारीक तार जिथे बाहेरच्या जाड लवचिक वायरीला जोडलेली असते तो जॉइंट ही सगळ्यात कमजोर जागा. मोटर थरथरते, बाहेरची वायर हलते, बारीक तार हलू शकत नाही, आणि ती बरोबर तिथेच तुटते. मीटरवर ओपन दाखवेल, माणूस म्हणेल कॉइल जळाली, पण कॉइलला काही वास नाही, रंग बदललेला नाही, इपॉक्सी वितळून ओघळलेलं नाही.

अशा वेळी जॉइंटवरचं इपॉक्सी बारीक कटरनं हळूच उघडायचं, घाई केली तर खालचे वेढे कापले जातात. तारेचं टोक सापडलं की त्यावरचं इनॅमल नाजूक पॉलिश पेपरनं काढा, नव्या टिन केलेल्या वायरीला तीन-चार वेढे मारून गुंडाळा आणि मग सोल्डर. नुसत्या सोल्डरच्या थेंबावर सोडू नका. वर फायबर ग्लासची स्लीव्ह, आणि बाहेरची वायर कोअरला दोऱ्यानं घट्ट बांधून टाका, म्हणजे ओढ बसली तर ती दोऱ्यावर बसेल, जॉइंटवर नाही. मग वरून इपॉक्सी. खर्च चहापाण्याएवढा.

तार वेढ्यांच्या आतमध्ये तुटली असेल, कॉइल काळी पडली असेल किंवा इपॉक्सी ओघळून फ्लायव्हीलवर उडालं असेल तर मग रिवाइंडच.

आमच्या गल्लीतला कूलर-पंपवाला वाइंडर करून देईल का?

देईल, आणि चांगला माणूस असेल तर छान करून देईल, पण त्याला पहिले बसवून समजावून सांगा. कॉटन मार्केटच्या बाजूनं पंप-मोटरवाले भरपूर आहेत, रोज दहा प्रकारचे स्टेटर हाताखालून जातात. लाइटिंग कॉइल त्याच्यासाठी डाव्या हाताचा खेळ आहे, जाड तार, थोडे वेढे. चार्ज कॉइलला मात्र तो नाक मुरडतो, कारण पैसे तांब्याच्या वजनावर आणि वेळेवर ठरतात, आणि इथे तांबं चिमूटभर न मेहनत दिवसभराची. म्हणून तुम्हीच आधी म्हणा की भाऊ, तांब्याचे नको, मजुरीचे सांग. तिथे घासाघीस करू नका, केली तर वेढे कमी भरतील.

त्याला सांगायच्या गोष्टी अशा. जुनी कॉइल उलगडताना वेढे मोजायचे, मशीनवर उलटं फिरवून काउंटर लावायचा, अंदाजानं नाही. तार तुकड्या-तुकड्यांत निघत असेल तर सगळी गोळा करून सोनाराच्या काट्यावर वजन करा, गेज माहीत असलं की वजनावरून लांबी आणि लांबीवरून वेढे निघतात. सुरुवात कोणत्या बाजूनं, वेढ्याची दिशा कोणती, शेवट कुठून बाहेर आला, ह्याचे मोबाइलवर फोटो काढायचे, उलगडायच्या आधी आणि अर्ध्यात पण. एकापेक्षा जास्त पोलवर, म्हणजे कोअरच्या दातांवर, कॉइल असेल तर शेजारशेजारच्या पोलवर वेढ्याची दिशा साधारण उलटसुलट असते, कारण फ्लायव्हीलचे मॅग्नेट नॉर्थ-साउथ-नॉर्थ असे लागलेले असतात. एका पोलची दिशा चुकली तर तो बाकीच्यांचं व्होल्टेज वजा करतो, ओहम मात्र एकदम बरोबर येतात, आणि मग तुम्ही आणि वाइंडर दोघं एकमेकांच्या तोंडाकडे पाहत बसता.

आणखी एक, वाइंडर लोकांना सिरीज बल्बवर टेस्ट करायची सवय असते. कॉइल ते कोअर अर्थ बघायला चालेल, मेगर (इन्सुलेशन तपासायचा मीटर) असेल तर अजून उत्तम, ५०० व्होल्टचा. पण बारीक चार्ज कॉइलच्या आरपार २३० व्होल्ट बल्बमधून सुद्धा देऊ नका म्हणावं. ५०० ओहमची कॉइल आणि १०० वॅटचा बल्ब सिरीजमध्ये, म्हणजे कॉइलमध्ये पंचवीस-तीस वॅट उष्णता, आणि त्या केसाएवढ्या तारेला तेवढं पुरेसं आहे. दुपारभर मेहनत करून बनवलेली कॉइल टेस्टिंगमध्येच भाजून निघते.

तार कोणती घ्यायची? थोडी जाड टाकली तर मजबूत होईल न?

जाड टाकली तर तेवढ्या जागेत वेढे कमी बसतील, वेढे कमी म्हणजे व्होल्टेज कमी, म्हणजे मोटर सुरू नाही. बारीक टाकून वेढे वाढवले तर रेझिस्टन्स वाढतो आणि वरच्या आरपीएमला सीडीआयला पुरेसा चार्ज मिळत नाही. जे होतं तेच टाका. मायक्रोमीटरनं मोजताना वरचं इनॅमल काढून मोजा. आपल्याकडे वाइंडर एसडब्ल्यूजी नंबरनं (तारेच्या जाडीचा नंबर) बोलतात, ३६ नंबर म्हणजे सुमारे ०.१९ मिमी, ३८ म्हणजे ०.१५, ४० म्हणजे ०.१२.

इनॅमलचा क्लास विचारा. कूलरच्या पंपात चालणारी स्वस्त तार इथे टिकत नाही. १८० डिग्रीची, म्हणजे क्लास एचवाली घ्या. फ्लायव्हीलखाली वारा असतो हे खरं, पण खालून पॉवरहेडची, म्हणजे इंजिनची, उष्णता चढते आणि मोटर बंद केल्यावर वारा थांबतो पण उष्णता थांबत नाही, तेव्हाच कॉइल सगळ्यात जास्त तापते.

वरून अ‍ॅरल्डाइट लावलं तर चालेल का?

घरातल्या दोन ट्यूबवालं नको, ते गरम झालं की मऊ पडतं. आधी वाइंडिंगचं वार्निश, कॉइल थोडी गरम करून बुडवायची म्हणजे आतपर्यंत झिरपतं, मग भट्टीत किंवा ओव्हनमध्ये बेक करायचं. मेच्या उन्हात ठेवून वार्निश वाळतं असं काही लोक म्हणतात, वरून वाळतं, आत ओलंच राहतं. वार्निश पक्कं झालं की इलेक्ट्रिकल पॉटिंगचं हाय टेम्परेचर इपॉक्सी, पातळ थर. कॉइलची उंची पहिल्यापेक्षा वाढता कामा नये, जागा मोजकीच असते.

नवीन वाइंडिंग केलं न पंधरा दिवसांत पुन्हा जळालं. वाइंडरनं फसवलं का?

असेलही, पण बहुतेक वेळा ज्यानं पहिला स्टेटर जाळला तो तिथेच बसलेला असतो आणि दुसराही जाळतो. नवा ओरिजिनल टाकला असता तरी तोही गेलाच असता, फक्त जास्त पैसे घेऊन.

लाइटिंग कॉइल जळाली असेल तर रेक्टिफायर (बॅटरीसाठी एसीचा डीसी करणारा) किंवा रेग्युलेटर पाहा. त्यातला एक डायोड शॉर्ट झाला की कॉइलचा करंट सतत त्यातूनच फिरत राहतो. मीटरच्या डायोड रेंजवर दोन्ही दिशांनी मोजा, दोन्हीकडे पास होत असेल तर बाद. डायोड का गेला? बॅटरीच्या वायरी उलट्या लागल्या, किंवा मोटर चालू असताना बॅटरी काढली, किंवा टर्मिनल ढिलं होतं. बोटीत दिवाळीच्या माळांसारखे एलईडी थेट लाइटिंग कॉइलवर जोडणारे पण आहेत, त्यांना काय बोलायचं.

चार्ज कॉइल जळाली असेल तर मोटर गरम होत होती का बघा. मागून पाण्याची धार येते ती पातळ झाली होती का? आपल्या तलावांत जलपर्णी, बेशरमाच्या काड्या, प्लास्टिक, काही म्हणता काही कमी नाही, पाण्याची जाळी बुजते, इम्पेलर (थंड पाणी खेचणारं रबरी चाक) घासतो, पॉवरहेड तापतं आणि ती उष्णता वर स्टेटरला भाजते. इम्पेलर आणि थर्मोस्टॅट पाहिल्याशिवाय नवा वाइंड केलेला स्टेटर चढवू नका.

तिसरं कारण म्हणजे घासणं. पोलच्या टोकांवर चकचकीत चट्टे दिसले की फ्लायव्हील टेकतंय. स्टेटरचे स्क्रू ढिले असतील तर सोपं आहे, थ्रेड लॉक लावून कसा. क्रँकच्या वरच्या बेअरिंगला प्ले असेल तर वाइंडिंगवर एक रुपया खर्च करू नका, आधी बेअरिंग.

लावताना काय काळजी घ्यायची?

क्रँकचा टेपर आणि फ्लायव्हीलचा टेपर थिनरनं पुसून कोरडे, ग्रीस-ऑइल काही नाही, ही पकड कोरड्या घर्षणावर असते. मॅग्नेटला चिकटलेला लोखंडाचा बुरा, स्क्रू, वॉशर नीट बघून काढा. पोलच्या टोकांवर मार्कर फिरवा, फ्लायव्हील बसवून हातानं फिरवा, पुन्हा काढून बघा, मार्कर पुसला गेला असेल तर कुठेतरी टेकतंय. नट टॉर्क रेंचनं, आकडा मॉडेलनुसार मॅन्युअलमधून. पाना लावून जोर लावणं म्हणजे टॉर्क नव्हे.

टेस्टिंगला दरवेळी खिंडसीला जायचं का?

घरी २०० लिटरचा ड्रम असेलच, उन्हाळ्यात नागपुरात कोणाकडे नसतो. मजबूत स्टँड करा, मोटर त्यात उभी करा, पाणी प्रोपेलरच्या वरच्या सपाट प्लेटच्या वर आलं पाहिजे. न्यूट्रलमध्ये, आयडल किंवा थोडी वर, एवढंच. फुल थ्रॉटल ड्रममध्ये नाही. आणि कोरडी तर एक सेकंद पण नाही, रबराचा इम्पेलर पाण्याशिवाय लगेच घासतो. अर्धा तास चालवा, बंद करा, दहा मिनिटं गरम तशीच राहू द्या, मग पुन्हा सुरू करा. गरम रीस्टार्ट पास झाला तर मग पाण्यात न्या, तेही पहिल्या दिवशी काठाकाठानं आणि वल्हं बरोबर ठेवून.

बचावाच्या बोटीवर रिवाइंड केलेला स्टेटर चालेल का?

माझं मत स्पष्ट आहे, नाही. मासेमारीच्या बोटीवर मोटर बंद पडली तर माणूस वल्हवत येतो, शिव्या देतो आणि उद्या पुन्हा जातो. पुराच्या धारेत दहा लोक बसवलेल्या बोटीचं तसं नसतं. तिथे ओरिजिनल नवा टाका आणि रिवाइंड केलेला, ड्रमवर पास झालेला, सराव करायच्या मोटरीत किंवा स्पेअर म्हणून डब्यात ठेवा. कोणी म्हणेल मग दुरुस्तीवर तुमचाच विश्वास नाही का, तर आहे, पण हातानं केलेल्या कामात प्रत्येक पीस वेगळा निघतो.

सीडीआय बॉक्स दुरुस्त होतो का?

क्वचित. आत सगळं इपॉक्सीत गाडलेलं असतं, खरवडून काढताना ट्रॅक उखडतात. सीडीआयवर वेळ घालवू नका. फक्त कनेक्टरच्या पिना हिरव्या झाल्या असतील तर त्या साफ करून बघा, कधीकधी तेवढंच असतं.

फोर-स्ट्रोक मोटरीचा स्टेटर?

तो बऱ्याच मोटरींत थ्री फेज असतो, मोटरसायकलच्या स्टेटरसारखा, तसा असेल तर बाइकचे स्टेटर रिवाइंड करणाऱ्याकडे न्या. तीन पिवळ्या किंवा एकाच रंगाच्या वायरी, कोणत्याही दोनमध्ये सारखाच ओहम यायला हवा. ईएफआय, म्हणजे कार्बोरेटरऐवजी इलेक्ट्रॉनिक फ्युएल इंजेक्शन, असेल तर मात्र कमी व्होल्टेजला त्याचा कंट्रोल बॉक्स (ईसीयू) रुसतो, तिथे अर्धंमुर्धं काम चालत नाही.

बाकीच्या पार्टचं काय, काय दुरुस्त करायचं आणि काय बदलायचं?

इम्पेलर, गियरबॉक्सचे ऑइल सील, फ्युएल पंपाचा डायफ्राम, थर्मोस्टॅट: बदला, चर्चा नाही. सेल्फ स्टार्टर मोटर चांगल्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे ब्रश-बुश टाकून मस्त होते. प्लगचे आटे गेले तर इन्सर्ट टाकून मिळतात. अ‍ॅल्युमिनियमच्या प्रोपेलरची पात कोपऱ्यात तुटली तर आर्गन वेल्डिंग करून घासता येते, पण तिन्ही पात्यांचं वजन सारखं राहिलं पाहिजे, नाहीतर थरथर होऊन सील जातात.

प्रोपेलरच्या शियर पिनबद्दल हात जोडून सांगतो, तिच्या जागी खिळा किंवा स्टीलचा बोल्ट घालू नका. ती तुटायलाच असते. प्रोपेलर दगडाला किंवा बुडालेल्या झाडाला लागला की पिन तुटते आणि गियर वाचतात. गोसीखुर्दच्या बॅकवॉटरमध्ये पाण्याखाली झाडांचे बुंधे आहेत, तिथे खिळा घातलेली मोटर म्हणजे गियरबॉक्सचा सेट आजच मागवून ठेवा.

बोट उलटली, मोटर पाण्यात गेली. स्टेटर गेला का?

गोड्या पाण्यात सहसा नाही. स्टेटर धुऊन वाळवला की चालतो. घाई इंजिनची करा, प्लग काढा, मोटर आडवी करून सिलिंडरमधलं पाणी दोरी ओढून बाहेर काढा, टू-टी ऑइल टाका, आणि त्याच दिवशी सुरू करा. मोटर चालू असताना बुडाली असेल तर आधी फ्लायव्हील हातानं फिरवून बघा, अडकत असेल तर ओढू नका.

ई-२० (२० टक्के इथेनॉलवाल्या) पेट्रोलनं स्टेटर जळतो असं ऐकलं, खरं आहे का?

पेट्रोलचा स्टेटरशी संबंध नाही. पण इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, पावसाळ्यात अर्ध्या भरलेल्या टाकीत तळाशी पाणी जमतं, जुन्या नळ्या आणि डायफ्राम फुगतात, आणि मग मोटर अडखळते आणि दोष इग्निशनवर जातो. सीझन संपला की टाकी आणि कार्बोरेटर रिकामं करा.

जळालेला स्टेटर भंगारात देऊन टाकू का?

देऊ नका, भंगारवाला त्यातल्या मूठभर तांब्याचे पैसे देईल. कोअर घासलेली नसेल आणि कनेक्टर शाबूत असेल तर तीच तुमच्या पुढच्या रिवाइंडची बॉडी आहे. त्यावर चिठ्ठी बांधा, मोटरीचं मॉडेल, तारेचा गेज, वेढे, दिशा, आणि थंड असतानाचा ओहम, त्या दिवशीच्या तापमानासकट. आणि वाइंडरकडे वेढ्यांची वही असेल तर त्यातही लिहून या, कारण दोन वर्षांनी चिठ्ठी उंदीर खातात आणि वही त्याच्या गल्ल्याखाली तशीच असते.